भिंतीवरची लक्ष्मी आणि तिला साडी नेसवणारा राजा

नवं वर्ष जवळ आलं की आमच्या इस्लापूरच्या बाजारात कापड दुकानदार, किराणावाले, खत-बियाण्यांचे दुकानदार गिऱ्हाइकाच्या हातात सामानासोबत एक कॅलेंडर ठेवतात. खाली तारखा, तिथ्या, दुकानाचं नाव आणि वर लक्ष्मी. पाण्यात उमललेल्या कमळावर उभी, अंगावर काठापदराची साडी, अंगभर दागिने, शेजारी हत्ती. आपण ते चित्र इतक्या वेळा पाहिलेलं असतं की लक्ष्मी अशीच दिसते याबद्दल कोणाच्या मनात शंकाच येत नाही.

पण जरा थांबून विचार करा. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या होट्टलच्या मंदिरावरची शिल्पं पाहा, नाहीतर वेरूळची लेणी पाहा. तिथल्या देवींच्या अंगावर दागिने भरपूर आहेत, पण निऱ्या घातलेली, खांद्यावरून पदर सोडलेली साडी काही दिसत नाही. मग कॅलेंडरवरच्या लक्ष्मीला ही साडी नेसवली कोणी? उत्तर आहे राजा रविवर्मा. आणि ती घराघरांत पोचवली कोणी? रविवर्मांच्या छापखान्यानं. आपण इंजिनिअरिंगची पोरं आहोत, म्हणून या माणसाची गोष्ट चित्रकाराची म्हणून तर वाचायचीच, पण यंत्राची आणि बाजाराची म्हणूनही वाचायची.

त्या आधी थोडं जगाकडे बघू. एकोणिसाव्या शतकात पॅरिस, लंडन, फिलाडेल्फिया इथं बायकांसाठी मासिकं निघत. त्यात नव्या पोशाखांची रंगीत चित्रं असत. अमेरिकेतलं 'गोडीज लेडीज बुक' हे त्यातलं गाजलेलं मासिक, १८३० ला सुरू झालेलं. त्यातली चित्रं आधी छापून मग हातानं रंगवली जात. गावोगावच्या बायका ती चित्रं समोर ठेवून कपडे शिवायच्या किंवा शिवून घ्यायच्या. पुढे शिलाई मशीन आलं, मोठमोठी दुकानं आली, आणि गरज नसताना फक्त आवडलं म्हणून वस्तू घेण्याची सवय मध्यमवर्गाला लागली. थोडक्यात, आधी चित्र आलं, मग इच्छा आली आणि मग खरेदी आली.

आपल्याकडे असं फॅशनचं मासिक त्या काळी घरोघर जात नव्हतं. पण चित्र बघून तसं दिसावंसं वाटणं आपल्याकडेही आलं. फक्त ते देवादिकांच्या चित्रांतून आलं.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. घराणं राजघराण्याशी सोयरीक असलेलं. मामा राजा राजवर्मा स्वतः चित्रं काढायचे, तेच पहिले गुरू. १८६२ मध्ये मामा भाच्याला घेऊन तिरुवनंतपुरमला आले आणि महाराज आयिल्यम तिरुनाळ यांनी पोराला आश्रय दिला.

त्या काळात तैलरंग ही आपल्याकडे नवीन गोष्ट होती. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांना ते येत होते, पण त्यांनी शिकवायला नकार दिला. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचे युरोपियन चित्रकार दरबारात आले. त्यांनीही शिकवलं नाही, फक्त काम करताना बघायची परवानगी दिली. रविवर्मा बघत राहिले. रंग कसा मिसळतात, सावली कुठे पडते, कापडाची घडी कशी दाखवतात हे सगळं नजरेनं उचललं. आज आपल्याला नोट्स तयार मिळतात, झेरॉक्स मिळते, तरी आपली तक्रार असतेच. या माणसाला ना कॉलेज, ना सर, ना पुस्तक. पुढे १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला गव्हर्नरचं सुवर्णपदक मिळालं. चित्राचा विषय होता केसांत फुलांची वेणी माळणारी नायर स्त्री.

स्त्री आणि तिचा पोशाख हा विषय तेव्हापासून त्यांना सुटला नाही. याचं एक कारण त्यांच्या संस्थानातच होतं, असं मला वाटतं. त्रावणकोरात कोणत्या जातीच्या बाईनं अंगावर काय घालावं हे रूढी ठरवत होती. नाडार बायकांना अंग झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षं झगडावं लागलं आणि १८५९ च्या जाहीरनाम्यानं तो त्यांना काही अटींवर मिळाला. तेव्हा रविवर्मा अकरा वर्षांचे होते. कापड म्हणजे नुसतं कापड नसतं, त्यात मान असतो आणि अपमानही असतो, हे अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता या गोष्टीत मराठी माणसं येतात. सर टी. माधवराव हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, मग बडोद्याचे. बडोद्याच्या गादीवर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा दत्तक आला होता. तेच पुढचे सयाजीराव महाराज. १८८१ च्या डिसेंबरात त्यांच्या हाती पूर्ण कारभार आला, त्या सुमाराला माधवरावांच्या ओळखीनं रविवर्मा बडोद्यात आले. सोबत धाकटा भाऊ सी. राजराजवर्मा. हा भाऊही चांगला चित्रकार होता. मोठ्या चित्रांमधली झाडं, डोंगर, आकाश पुष्कळदा त्याच्या हातची असत, हिशेब आणि पत्रव्यवहारही तोच बघायचा. गाजलेल्या माणसामागे असा एखादा भाऊ असतो, त्याचं नाव मात्र फारसं कोणी घेत नाही.

सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं. मानधन पन्नास हजार रुपये, त्या काळातले! पण काम हातात आल्यावर एक साधी वाटणारी अडचण उभी राहिली. द्रौपदी, दमयंती, शकुंतला यांना नेसवायचं काय? केरळात मुंडू, बंगालात वेगळी नेसण, गुजरातेत वेगळी, राजस्थानात घागरा. महाभारताच्या काळी बायका काय नेसत होत्या हे सांगणार कोण? दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थानात फिरले, लोकांचे पोशाख पाहिले, आणि शेवटी साडीवर येऊन थांबले. त्यांच्या अनेक गाजलेल्या नायिका नऊवारी धाटणीची साडी नेसलेल्या दिसतात. हंसाशी बोलणारी त्यांची १८९९ ची लाल साडीतली दमयंती आठवून पाहा. विदर्भाची राजकन्या आपल्या आजी-पणजीसारखी साडी नेसून उभी आहे!

याच काळातलं 'गायिकांचा मेळा' म्हणता येईल असं त्यांचं एक चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या अकरा स्त्रिया एका रांगेत, प्रत्येकीचा पोशाख निराळा, दागिने निराळे. पाश्चात्त्य मासिकातलं पोशाखाचं पान आणि हे चित्र शेजारी ठेवलं तर दोघांची जात एकच आहे हे लगेच कळतं. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची दहा चित्रं गेली, त्यातही देशातल्या निरनिराळ्या स्त्रिया होत्या. तिथंही त्यांना पदकं मिळाली.

बडोद्याची चित्रं तयार झाल्यावर ती लोकांना बघायला ठेवली, तेव्हा मोठी गर्दी झाली. राजवाड्यात जायची ज्यांची ऐपत नव्हती ते लोक आले होते. म्हणजे मागणी होती, माल मात्र एकच नग. माधवरावांनी हे फार आधी ओळखलं होतं. १८८४ मध्येच त्यांनी पत्रातून सुचवलं होतं की सगळ्यांची मागणी दोन हातांनी पुरी होणार नाही, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात. रविवर्मांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. चित्रं तिकडे पाठवण्याऐवजी यंत्रच इकडे आणलं.

१८९४ मध्ये गोवर्धनदास मखनजी या व्यापाऱ्याच्या भागीदारीत मुंबईजवळ घाटकोपरला छापखाना सुरू झाला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मनीचे. तिथून बाहेर पडलेलं पहिलं चित्र होतं शकुंतलेच्या जन्माचं.

हे तंत्र समजून घेण्यासारखं आहे. त्याला शिळाछाप म्हणतात. चुनखडीचा एक खास गुळगुळीत दगड घ्यायचा, त्यावर तेलकट शाईनं किंवा खडूनं चित्र उलटं काढायचं. मग दगड ओला करायचा. जिथं तेलकट रेघ आहे तिथं पाणी टिकत नाही, बाकी दगड पाणी धरून ठेवतो. आता छपाईची शाई फिरवली की ती फक्त रेघेवर बसते, कारण तेल आणि पाण्याचं जमत नाही. झालं, कागद दाबा आणि छाप घ्या. हे एका रंगाचं झालं. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. लक्ष्मीच्या चेहऱ्याचा रंग एका दगडावर, साडीची छटा दुसऱ्यावर, सावली तिसऱ्यावर, असे कितीतरी दगड. तोच कागद तितक्या वेळा यंत्रातून जाणार आणि दरवेळी बरोबर त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तर देवीचा ओठ गालावर जातो. शेवटी वरून व्हार्निश आणि कॅनव्हाससारखा खरबरीत दाब दिला की लांबून बघणाऱ्याला खरं तैलचित्रच वाटावं. या छापांना ओलिओग्राफ म्हणत. आपण वर्कशॉपमध्ये टॉलरन्स, अलाइनमेंट असे शब्द घोकतो, त्याची खरी परीक्षा या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी देवांच्या चेहऱ्यावर दिली आहे.

मग काय झालं? राजवाड्यातलं चित्र दिवाणखान्यात आलं, तिथून साध्या घरात आलं, दुकानाच्या गल्ल्यावर आलं. रेल्वे होतीच, तिच्यातून ते गावोगाव गेलं. बायकांनी तर कमालच केली. विकत आणलेल्या छापावर खरी जर लावली, टिकल्या शिवल्या, कापडाचे तुकडे चिकटवून देवीला खरीखुरी साडी नेसवली. अशी सजवलेली चित्रं आजही संग्रहांत पाहायला मिळतात. बघणारी बाई आता नुसती बघत नव्हती, ती निवडत होती की कोणता काठ, कोणता रंग, कोणता दागिना.

यातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्या त्रावणकोरात रविवर्मा जन्मले, तिथल्या सरकारी मंदिरांची दारं सगळ्या हिंदू जातींना उघडायला १९३६ साल उजाडावं लागलं. आपल्या नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९३० पासून सत्याग्रह करावा लागला. पण छापलेल्या लक्ष्मीला पुजारी नव्हता आणि उंबरठाही नव्हता. थोडे पैसे टाकले की ती कोणाच्याही घरी येत होती. मंदिरानं ज्यांना बाहेर ठेवलं त्यांच्या भिंतीवर यंत्रानं देव आणून ठेवला. हे काम रविवर्मांनी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण झालं ते खरं.

नाण्याला दुसरी बाजू आहेच. देवी बाजारात आली तशी ती बाजाराच्या कामालाही लागली. कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची रंगीत लेबलं, काड्यापेट्या, साबण, बाळांचं खाणं, सगळ्यांवर रविवर्मांच्या किंवा त्यांच्या नकलेच्या देवी दिसू लागल्या. मँचेस्टरचा गिरणीवाला आपल्या कापडावर आपलीच लक्ष्मी छापून आपल्यालाच विकू लागला. परदेशात तयार झालेल्या काड्यापेट्यांवर आपले देव आले. गिऱ्हाईक चित्र ओळखतं आणि चित्रावरून मालावर विश्वास ठेवतं, हे व्यापाऱ्यांना कळलं होतं. आज क्रिकेटपटूचा फोटो बघून आपण बॅट किंवा बूट घेतो, त्याची सुरुवात इथं आहे.

आणि या सगळ्यातून रविवर्मा श्रीमंत झाले असतील असं वाटत असेल तर ते चूक आहे. भागीदारी टिकली नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, लोक शहर सोडून पळाले, कामगार मिळेनात. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला. कर्ज वाढत गेलं. रविवर्मा सतत फिरतीवर, राजेरजवाड्यांची चित्रं काढून ते पैसे छापखान्यात ओतणार. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो छापखाना त्यांनी तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, विकून टाकला. पंचवीस हजार रुपये, आणि त्यात ८९ चित्रं छापण्याचे हक्कसुद्धा गेले. म्हणजे बडोद्याच्या चौदा चित्रांना जेवढे मिळाले त्याच्या निम्म्या पैशात सगळा कारखाना आणि हक्क! श्लायशर यांनी त्यातून लेबलं, जाहिराती, कॅलेंडरं छापून धंदा चालवला. चित्र काढणं वेगळं, ते छापणं वेगळं आणि ते विकणं आणखी वेगळं. पहिल्या दोन गोष्टी रविवर्मांनी जिंकल्या, तिसरीत हरले. स्वतःचा उद्योग काढायची स्वप्नं बघणाऱ्या आपल्यातल्या दोस्तांनी हा भाग दोनदा वाचावा.

१९०४ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. पण १९०५ च्या जानेवारीत भाऊ राजराजवर्मा गेला आणि रविवर्मांचा उजवा हातच गेला. त्यांना स्वतःला मधुमेह होता. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरला त्यांचं निधन झालं. वय अठ्ठावन्न.

छापखाना मात्र आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ काही पेरून गेला. कोल्हापूरचे म. वि. धुरंधर यांनी त्याच्यासाठी चित्रं केली. याच धुरंधरांनी पुढे १९२० मध्ये निघालेल्या एका इंग्रजी पुस्तकासाठी देशातल्या जातीजमातींच्या स्त्रियांचे पोशाख काढून ठेवले. दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केलं होतं. १९१३ च्या त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' मधल्या माणसांची वेशभूषा आणि उभं राहणं बघितलं की रविवर्मांची चित्रंच हलू लागल्यासारखी वाटतात. रणजित देसाईंची कादंबरी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल, तिच्यामुळे मराठी वाचकाला हा माणूस घरचा वाटतो.

टीकाही खूप झाली. बंगालमधल्या चित्रकारांनी आणि जाणकारांनी म्हटलं की ही चित्रं विलायती धाटणीची आहेत, नाटकी आहेत. ती टीका कलेबद्दलची, तिच्यात मी पडत नाही. माझी हरकत वेगळी आहे आणि ती आमच्या भागातून आलेली आहे.

इस्लापूर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, राज्य पुनर्रचनेत आपल्याकडे आलं. आमच्या किनवट तालुक्यात गोंड आहेत, कोलाम आहेत, आंध आहेत, बंजारा तांडे आहेत. बंजारा बाईचा पोशाख कोणी जवळून पाहिला असेल तर सांगा, त्याच्या तोडीचं काही आहे का? फेटिया, कांचळी, डोक्यावरची ओढणी, आरशांचे तुकडे, कवड्या, शिक्के, हातभर बांगड्या, आणि सगळं हातानं टाचलेलं. तो घालणाऱ्या आज्या आता तांड्यातही कमी होत चालल्या आहेत. सुना साडीत आणि लेकी पंजाबी ड्रेसमध्ये. प्रत्येकीनं आपल्याला आवडेल ते घालावं, त्यात दुमत नाही. पण सव्वाशे वर्षं भिंतीवर एकच बाई होती. गोरी, भरल्या अंगाची, काठापदराच्या साडीतली. देवी तशी, राणी तशी, मग साबणाच्या वडीवरचीही तशीच. जिला ती भिंतीवर रोज दिसली तिला कोणी न सांगताच कळलं की सुंदर म्हणजे असं, आणि आपण तसे नाही. रविवर्मांनी शिकागोला पाठवलेल्या चित्रांत दक्षिणेतल्या एका भटक्या कुटुंबाचंही चित्र होतं. त्यांची नजर तिथवर गेली होती. पण बाजारानं उचलली ती लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला आणि दमयंती. जे खपतं तेच पुन्हा छापलं जातं, आणि जे पुन्हा पुन्हा छापलं जातं तेच खरं वाटू लागतं.

२००८ मध्ये चेन्नईच्या एका दुकानानं एक रेशमी साडी विणून घेतली. तिच्यावर रविवर्मांची अकरा चित्रं विणलेली होती, पदरावर तोच अकरा गायिकांचा मेळा. किंमत सुमारे चाळीस लाख रुपये. ज्या माणसानं छपाईनं चित्र सगळ्यांसाठी स्वस्त केलं, त्याचंच चित्र परत फक्त श्रीमंतांसाठी झालं.

मळवलीचा तो छापखाना १९७२ मध्ये आगीत सापडला. पण शिळाछापाच्या दगडांनी जे काम सुरू केलं ते आता मोबाईलच्या पडद्यावर चालू आहे, त्याहून हजारपट वेगानं. आपल्यातलेच काही जण उद्या ते पडदे, ती ॲपं, ती यंत्रं बनवणार आहेत. रविवर्मांकडून चिकाटी शिकायची, बघून बघून शिकणं शिकायचं, यंत्राला न घाबरणं शिकायचं. हिशेबात ते चुकले तिथं शहाणं व्हायचं. आणि आपलं यंत्र लाखो लोकांसमोर एकच चेहरा धरू लागलं, तर ज्यांचा चेहरा त्यात आलाच नाही ते कोण, एवढं एकदा विचारायचं. आमच्या तांड्यावरच्या आज्या तुम्हाला उत्तर देतील.